हैदराबादचा आउटर रिंग रोड: नांदेड, उदगीर, उमरग्याकडून जाणाऱ्या गाडीसाठी

हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर मराठवाड्यातल्या गाड्या चुकतात त्या बहुतेक एकाच कारणानं. गाडीवाला गावाचं नाव शोधत असतो आणि रस्ता नंबरानं बोलत असतो. विमानतळ गाठायचा असो, श्रीशैलम असो की माल घेऊन विजयवाड्याकडे जायचं असो, निघण्याआधी कागदावर दोनच आकडे लिहून घ्या: चढायचं कुठल्या एक्झिटला आणि उतरायचं कुठल्या एक्झिटला. एवढं केलं तर हा रस्ता पाचपैकी साडेचार गुणांचा आहे. नाही केलं तर नुसता वळसा आणि टोल पदरात पडतो.

रस्त्याची ओळख थोडक्यात. शहराभोवतीचा १५८ किलोमीटरचा हा वेढा आहे. जाण्यासाठी चार आणि येण्यासाठी चार अशा आठ लेन, दोन्ही अंगांना सर्व्हिस रोड, आणि मुख्य रस्त्यावर एकही सिग्नल किंवा चौक नाही. गच्चीबावली ते शमशाबाद हा पहिला तुकडा १४ नोव्हेंबर २००८ ला, म्हणजे नेहरू जयंतीला, सुरू झाला आणि त्यांचंच नाव रस्त्याला मिळालं. पुढचे तुकडे एकेक करून जोडले गेले. मेडचलजवळ कंडलाकोया इथला छोटा दुवा राहिला होता, तो २०१८ मध्ये पूर्ण झाला आणि तेव्हा कुठे वर्तुळ खऱ्या अर्थानं बंद झालं. २०२३ मध्ये टोलवसुली आणि देखभाल ३० वर्षांसाठी ७,३८० कोटी रुपयांना एका खासगी कंपनीकडे गेली.

या रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा नंबर नाही. तो राज्याच्या हातातला रस्ता आहे. त्यामुळे '६५ वरून ४४ वर कसं जायचं' या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नावात सापडत नाही, एक्झिटच्या आकड्यात सापडतं.

मूळ एक्झिट १९. मोजणी पश्चिमेला कोकापेटपासून सुरू होते आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते. १ कोकापेट, २ कोल्लूर, ३ पटनचेरू, ४ सुलतानपूर, ५ दुंडीगलजवळचं सारेगुडेम, ६ मेडचल, ७ शामीरपेट, ८ कीसरा, ९ घटकेसर, १० तारामतीपेट, ११ पेद्दा अंबरपेट, १२ बोंगुलूर, १३ रावीर्याल, १४ तुक्कुगुडा, १५ पेद्दा गोलकोंडा, १६ शमशाबाद, १७ राजेंद्रनगर, १८ पोलीस अकादमी, १९ नानकरामगुडा. नार्सिंगीसारखी मधली तोंडं नंतर उघडली, पण या १९ आकड्यांची ओळ आहे तशीच ठेवली गेली. हे फार बरं झालं, कारण ट्रकवाल्यांच्या डोक्यात हेच आकडे बसलेले आहेत.

दिशा ओळखायची सोपी खूण अशी. आपण डावीकडून गाडी चालवतो. त्यामुळे आकडे वाढत जात असतील, ३ नंतर ४, ४ नंतर ५, तर शहर तुमच्या उजव्या हाताला असतं. आकडे उतरत असतील तर शहर डाव्या हाताला. चढल्यावर पुढच्या बोर्डावरचा आकडा बघा. दिशा बरोबर आहे की उलटी, ते तिथेच कळतं. मोबाइलवरचा नकाशा उड्डाणपुलाच्या गुंत्यात दहा-पंधरा सेकंद गोंधळतो, आणि नेमक्या त्याच वेळात फाटा निघून जातो. आकडा गोंधळत नाही.

तक्रार आहे ती नावांबद्दल. एक्झिट ३ चं नाव पटनचेरू, पण प्रत्यक्ष चढण मुत्तंगीला आहे. संगारेड्डीकडून येताना मुत्तंगी आधी लागतं आणि पटनचेरू गाव त्याच्या पुढे. 'पटनचेरू आलं की वळू' असं ठरवून आलेली गाडी रिंग रोडच्या पुलाखालून सरळ निघून जाते. एक्झिट २ ला कोणी कोल्लूर म्हणतं, कोणी एदुलानागुलापल्ली. एक्झिट १९ म्हणजे नानकरामगुडा, पण विचारल्यावर माणसं 'गच्चीबावली' सांगतात. सगळ्यात जास्त घोटाळा १८ चा. तिथं पोलिसांची प्रशिक्षण अकादमी आहे. संयुक्त आंध्र प्रदेशात तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या चौकाला 'अप्पा जंक्शन' नाव पडलं. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं, अकादमीचं नाव बदललं, आणि बोर्डावर 'टीएसपीए' आलं. लोकांच्या तोंडात मात्र अप्पाच राहिलं. मराठी कानाला अप्पा म्हणजे कोणी वडीलधारा माणूस वाटतो, म्हणून फोनवर पत्ता घेताना हे पक्कं लक्षात ठेवा: अप्पा, टीएसपीए आणि १८ ही एकच जागा.

आता तिथं पोहोचवणाऱ्या रस्त्यांचे नंबर. इथंही जुनं-नवं मिसळलेलं आहे. २०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे नंबर पद्धतशीरपणे बदलले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना विषम आकडे मिळाले आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे मिळाले, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. मराठवाड्याचा नकाशा समोर धरला की हे लगेच पटतं. वरच्या अंगाला परभणी-नांदेडवरून जाणारा ६१, मधे लातूर-उदगीर-देगलूरवरून जाणारा ६३, आणि खाली नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा ६५. आडव्या तीन ओळी, आकडे क्रमानं. उभ्यातले दोन आपल्या कामाचे: पूर्वेला हैदराबादवरून जाणारा ४४ आणि पश्चिमेला धुळे-छत्रपती संभाजीनगर-बीड-सोलापूर हा ५२.

जुन्या कागदपत्रांवर, दगडांवर आणि जुन्या चालकांच्या बोलण्यात वेगळे आकडे येतात. आजचा ६५ म्हणजे पूर्वीचा ९, पुण्याहून सोलापूर, हैदराबादमार्गे मछलीपट्टणला जाणारा. हैदराबादवरून नागपूर आणि बंगळुरूकडे जाणारा आजचा ४४ हा पूर्वीच्या वाराणसी-कन्याकुमारी ७ नंबरमध्ये होता. वरंगलचा २०२ आता १६३ झाला. नांदेड-परभणीचा २२२ झाला ६१, आणि सोलापूर-धुळे २११ झाला ५२. जुन्या बिल्टीवर '७ आणि ९ चा जोड' असं दिसलं तर तो हैदराबाद शहरातला जोड समजा. हे दोन मोठे रस्ते पूर्वी शहराच्या पोटातच एकमेकांना भेटायचे आणि सगळी जड वाहतूक तिथून जायची. ती बाहेरून फिरवणं हेच रिंग रोडचं खरं काम.

तीन आकडी नंबराचं गणितही कळून घेण्यासारखं आहे. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे आणि सुरुवातीचा आकडा फाट्याचा. म्हणून अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा १६१, आणि तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा-बुटीबोरी हा ३६१. दोघंही ६१ च्या घरातले.

कोणी कुठून चढावं? हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या गाडीला सरळ मार्ग म्हणजे १६१. नांदेड, नायगाव, नरसी, देगलूर, मग मदनूर, पिटलम, जोगीपेट आणि संगारेड्डी. तिथं ६५ ला लागायचं आणि कंदी, रुद्रारम, इस्नापूर करत मुत्तंगीला एक्झिट ३. नांदेड ते हैदराबाद हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. उदगीरकरांनी बिदरवरून झहीराबादला ६५ गाठावा. उमरगा, नळदुर्ग, तुळजापूरकडून थेट ६५, हुमनाबाद आणि झहीराबादमार्गे. या सगळ्यांचं तोंड एकच: एक्झिट ३.

धर्माबाद, बिलोली, भोकर या बाजूच्या गाडीला दुसरा पर्याय आहे. धर्माबादहून बासर किंवा बिलोलीहून बोधन करत निजामाबाद, भोकरहून ६१ नं निर्मल, आणि मग ४४ धरून कामारेड्डीवरून मेडचलला, म्हणजे एक्झिट ६. सिकंदराबाद, करीमनगर रस्ता किंवा वरंगलकडे जायचं असेल तर हा मार्ग चांगला. विमानतळासाठी तो निवडू नका. मेडचल उत्तरेला आणि शमशाबाद दक्षिणेला, दोघं जवळजवळ समोरासमोर. कुठूनही गेलात तरी अर्ध्या वर्तुळाचा टोल भरावा लागतो.

उतरायचे आकडे असे. विमानतळ आणि बंगळुरू-कर्नूलकडे जाणारा ४४: १६. श्रीशैलम: १४, तिथून ७६५ नंबरचा रस्ता. नागार्जुनसागर: १२. विजयवाडा आणि रामोजी फिल्म सिटी: ११. यादगिरीगुट्टा आणि वरंगल: ९. करीमनगर: ७. गच्चीबावलीतली हॉस्पिटलं आणि आयटी कंपन्या: १९. विकाराबाद, चेवेल्ला: १८, म्हणजे अप्पा.

आता तितकीच महत्त्वाची गोष्ट: कधी चढू नये. नामपल्ली, अबिड्स, कोठी, चारमिनार, पंजागुट्टा ही कामं असतील तर रिंग रोडचा काही उपयोग नाही. तो शहराला वळसा घालतो, शहरात पोहोचवत नाही. मुत्तंगीहून सरळ ६५ नं बीएचईएल, मियापूरपर्यंत जावं, गाडी मियापूरला लावावी आणि मेट्रो धरावी. लाल मार्गिका मियापूरहून एल. बी. नगरपर्यंत अमीरपेट, नामपल्ली करत जाते. पेशंट सोबत असेल आणि हॉस्पिटल आत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही कुकटपल्लीच्या गर्दीचा वेळ हिशोबात धरा.

एक्झिट ३ वर चढण्याची रीत जरा सविस्तर, कारण आपल्या बहुतेक गाड्या इथंच गडबडतात. इस्नापूर ओलांडलं की डाव्या लेनमध्ये या. ६५ वर इथं सिटी बस, रिक्षा, कारखान्यांच्या बस आणि उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाक्या असतात, म्हणून शेवटच्या क्षणी डावीकडे घुसणं धोक्याचं. चढणीवर वेग चाळीसच्या आत आणा. टोलच्या गेटजवळ थांबल्यावरच पुढचा बोर्ड वाचून घ्या: एक फाटा गच्चीबावली-शमशाबादकडे, दुसरा मेडचलकडे. विमानतळासाठी पहिला. मुख्य रस्त्यावर मिसळताना मात्र उलटं करायचं. रॅम्पच्या शेवटच्या सरळ भागात वेग वाढवून डाव्या लेनच्या वाहनांच्या बरोबरीला यायचं. तीस-चाळीसच्या वेगानं आत शिरलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकच्या समोर उभी राहिल्यासारखीच असते.

पुढं २, मग १. त्यानंतर नार्सिंगीच्या भागात गच्चीबावलीकडचा फाटा, म्हणजे १९ चं तोंड, डावीकडे सुटतो. नवखी गाडी '१ नंतर १९ आला म्हणजे आपण बरोबर आहोत' असं समजून त्या फाट्यानं जाते आणि थेट गच्चीबावलीच्या गर्दीत उतरते. शमशाबादचा बोर्ड धरून मुख्य वर्तुळावरच राहा: १८, १७, १६. मुत्तंगी ते शमशाबाद हे सगळं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

फाटा चुकलाच तर? पुढच्या एक्झिटला उतरा, खालून फिरून उलट्या दिशेनं परत चढा. दोन एक्झिटमध्ये सरासरी आठ किलोमीटर पडतात, म्हणजे फार तर पंधरा-वीस मिनिटं आणि थोडा टोल. रिव्हर्स घेऊन फाट्यापर्यंत मागे येणं हा या रस्त्यावरचा सर्वांत जीवघेणा प्रकार आहे. ताशी १०० नं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते, तुमचा मागचा दिवा ब्रेकचा की रिव्हर्सचा हे ओळखायलाच तिला दोन सेकंद लागतात.

वेगमर्यादा १०० वरून २०२३ मध्ये पुन्हा १२० झाली. दुभाजकाला लागून असलेल्या दोन लेनसाठी १२०, डावीकडच्या दोन लेनसाठी ८०, आणि ४० पेक्षा हळू चालायला मनाई. दुचाकी आणि तीनचाकीला मुख्य रस्त्यावर बंदी आहे, त्यांनी सर्व्हिस रोड धरावा. मात्र तो काही ठिकाणी तुटतो, म्हणून मोटारसायकलवाल्यांनी त्याच्या भरवशावर अख्ख्या वळशाचा बेत आखू नये. उतरायच्या एक्झिटच्या दोन किलोमीटर आधी डावीकडे सरकायला लागा. शंभरच्या वेगात दोन किलोमीटर म्हणजे ७२ सेकंद. ऐकायला जास्त वाटतं, पण दोन लेनमधले ट्रक ओलांडून डावीकडे येईपर्यंत तेवढा वेळ संपतो.

टोलची पद्धत समृद्धी महामार्गासारखी: चढताना नोंद, उतरताना जितके किलोमीटर तितके पैसे. इथं एक गोष्ट आपल्या लोकांना महागात पडते. ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारसाठी २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास मिळतो. राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना तो चालतो, म्हणून घरून निघाल्यापासून खात्यातून एक रुपयाही कटत नाही आणि माणूस बॅलन्सकडे बघायचंच विसरतो. रिंग रोड राज्याचा आहे, तिथं पास चालत नाही, पैसे टॅगच्या बॅलन्समधूनच जातात. बॅलन्स संपलेला असेल तर चढणीवरच गाडी अडते आणि मागे रांग लागते. रिचार्ज संगारेड्डीच्या आधी, चहाला थांबाल तिथंच करून टाका. गेटवर उभं राहून केलेला रिचार्ज प्रणालीत दिसायला वेळ लागतो. आणि चढताना टॅग वाचला गेला का, ते स्क्रीनवर बघा. प्रवेशाची नोंद नसेल तर उतरताना अंतरावरून वाद होतो. कागदी पावती दिली तर ती उतरेपर्यंत जपून ठेवा.

सोयींच्या बाबतीत मात्र रस्ता कमी पडतो आणि तिथंच अर्धा गुण जातो. मुख्य रस्त्यावर चहाची टपरी नाही, ढाबा नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, मधुमेहाचे पेशंट सोबत असतील तर संगारेड्डी किंवा झहीराबादलाच सगळं उरकून घ्या. डिझेलचा काटा पाव टाकीच्या खाली घेऊन चढू नका.

रात्री सर्वांत मोठा धोका असतो तो कडेला बंद पडून किंवा झोपेसाठी थांबलेल्या ट्रकचा. शहरात जड वाहनांना दिवसा बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे ट्रक वाट बघत कडेला थांबतात. डाव्या लेनमधून १०० नं येणाऱ्या कारला मागचा दिवा नसलेला ट्रक फार उशिरा दिसतो. म्हणून रात्री वेग ८० वर आणा आणि डावीकडून ओव्हरटेक टाळा. गाडी बंद पडली तर इंडिकेटर चारही लावा, शक्य तितकं डावीकडे घ्या, लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा, आणि माणसं गाडीत न ठेवता रेलिंगच्या पलीकडे उभी करा. मदतीचा नंबर बोर्डावर असतो, चढतानाच त्याचा फोटो काढून ठेवा. संगारेड्डीपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३.

टायरबद्दल एक गोष्ट कधीच चुकवू नका. मराठवाड्यातून निघताना सकाळी गार टायरमध्ये दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. उन्हाळ्यात 'गरम होईल' म्हणून कमी हवा ठेवण्याची जुनी सवय अनेकांना आहे. कमी हवेचा टायर बाजूनं जास्त वाकतो, त्यामुळे जास्त तापतो, आणि सलग १०० च्या वेगात तोच फुटतो. पाच-सहा वर्षं जुना टायर, नक्षी चांगली दिसत असली तरी, या रस्त्यावर भरवशाचा नाही.

पुढच्या काळाचा आकडाही लिहून ठेवा: १६१ एए. आउटरच्याही बाहेरून जाणाऱ्या रीजनल रिंग रोडच्या उत्तरेकडच्या भागाला हा नंबर आहे. संगारेड्डी, नरसापूर, तूप्रान, गजवेल, भोंगीर, चौटुप्पल असा तो जातो. नंबरावरूनच कळतं की हा आपल्या १६१ चाच फाटा. तो झाला की नांदेडकडून वरंगल किंवा विजयवाड्याला जाणाऱ्या ट्रकला मुत्तंगीपर्यंत येण्याचं कारण उरणार नाही, संगारेड्डीलाच वळता येईल.

परतीच्या वाटेवर आकडे उलटे वाचायचे. विमानतळाहून १६ ला चढलात की १७, १८, मग गच्चीबावलीचा फाटा सोडून १, २, ३, आणि शहर कायम उजव्या हाताला. बोर्डावर 'पटनचेरू' दिसलं की डावीकडे यायला लागा, ३ ला उतरा आणि ६५ वर संगारेड्डीची बाजू धरा. संगारेड्डीला नांदेडच्या गाडीनं ६५ सोडून उजवीकडचा १६१ घ्यायचा. तिथं सरळ गेलात तर झहीराबाद येतं, आणि उदगीर-उमरग्याच्या गाड्यांचा रस्ता तोच आहे.